नऊ दिवस आधी

२ एप्रिल

आज मॅडमनी मला बढती दिली. पगार तोच, खुर्ची तीच, फक्त टेबलावरची पाटी बदलली: ‘प्रमुख, उशिरा रद्द’. एकोणीस वर्षं मी हेच काम करतो आहे, पण प्रमुख नव्हतो, कारण टेबलावर मी एकटाच होतो. अजूनही एकटाच आहे.

बढतीच्या निमित्ताने ही वही घेतली. पुढेमागे कुणाच्या हाती लागलीच, तर आमचा धंदा काय ते आधी सांगून ठेवतो. लोक एखाद्या सुट्टीच्या ठिकाणी वर्षातला एक आठवडा वीस-पंचवीस वर्षांसाठी घेऊन ठेवतात. त्याला टाइमशेअर म्हणतात. तिसऱ्या वर्षी त्यांना तेच झाड आणि तोच गळका शॉवर बघून कंटाळा येतो. मग ते आपला आठवडा आमच्याकडे जमा करतात आणि बदल्यात दुसऱ्या कुणाचा तरी, दुसऱ्या ठिकाणचा आठवडा घेतात. ही झाली अदलाबदल. सगळं सुरळीत चालतं, फक्त माणसं ऐन वेळी कच खातात. जायच्या आधी चौदा दिवसांच्या आत रद्द केलं, तर सभासदाचा आठवडा बुडतो, घातलेल्या चादरी तशाच राहतात, आणि ज्याला ती खोली हवी होती तो कधीच दुसरीकडे गेलेला असतो.

कारणं मला तोंडपाठ आहेत. एका सभासदाची एकुलती एक मावशी दोन वर्षांत दोनदा वारली. मी दोन्ही वेळा दुःख व्यक्त केलं, दुसऱ्या वेळी जरा कमी.

मॅडम म्हणाल्या, या हंगामात उशिरा रद्द होणाऱ्या खोल्या निम्म्यावर आणा. मी म्हटलं, निम्म्यावर कशाला, शून्यावर आणतो. टाळ्या पडल्या. घरी येताना आठवलं, की त्यातली एक खोली रद्द होणं मला स्वतःलाच हवं आहे.

५ एप्रिल

रविवार. निवांत बसून लिहितो.

आमच्या कंपनीत कर्मचाऱ्याला सुट्टीची खोली मिळते, पण पहिला मान सभासदांचा. दहा दिवसांच्या आत रद्द झालेली आणि कुठल्याच सभासदाने न उचललेली खोली तेवढी आमच्या वाट्याला येते. आम्ही तिला ‘पडीक’ म्हणतो. म्हणजे कुणीतरी हात आखडल्याशिवाय आमचा हात पुढे होत नाही.

हिला, म्हणजे माझ्या बायकोला, अकरा वर्षांपासून तळ्याकाठी जायचं आहे. आमच्या माहितीपत्रकात त्या तळ्याचा फोटो होता, तेव्हापासून. तीनदा ठरवलं आणि तीनदा माझंच काम आडवं आलं. लोक ज्या दिवसांत सुट्टीला जातात, त्याच दिवसांत ते रद्दही करतात. मग मी टेबल सोडून जाणार कसा? हिला ते पटतं. निदान हिनं कधी पटत नाही असं म्हटलेलं नाही.

या वर्षी ही शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाली. दिवसभर घरी असते. मी काल म्हटलं, “यंदा तळं नक्की. सहा जूनला निघायचं.” ही म्हणाली, “बरं.”

माझी योजना पक्की आहे. तळ्याकाठचं कॉटेज नंबर सात, दोन खोल्यांचं, ६ जूनपासूनचा आठवडा. ते एका बाईंच्या नावावर आहे. त्या गेली चार वर्षं तेच कॉटेज, तोच आठवडा घेतात आणि बरोबर नऊ दिवस आधी रद्द करतात. ऑफिसात त्यांना आम्ही ‘नऊवाली’ म्हणतो. कारणाच्या रकान्यात दर वर्षी एकच वाक्य: पाहुणे येणार नाहीत. स्वतःचा आठवडा दर वर्षी पाण्यात घालवणारी अशी दुसरी बाई मी पाहिली नाही. विक्षिप्त असणार. पण माझ्या दृष्टीने घड्याळापेक्षा भरवशाची. २८ मेला त्यांचा फोन येईल, आणि ६ जूनला आम्ही दोघं तळ्याकाठी चहा पिऊ.

१४ एप्रिल

मोहीम सुरू झाली. प्रत्येक सभासदाला जायच्या एक महिना आधी मी स्वतः फोन करायचा, अशी नवी पद्धत मी काढली. मजकूर चार वाक्यांचा. शेवटचं वाक्य असं: “आपली खोली आपली वाट पाहत आहे.” हे मला पहाटे सुचलं. हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, “खोली कशाला वाट पाहील? माणसं वाट पाहतात.” ग्रंथालयात काम केलेल्या माणसाला भाषेची जाण असतेच असं नाही.

पहिल्या दिवशी बावीस फोन झाले. एका दंतवैद्याने रागावून फोन ठेवला. बाकीच्यांनी येतो म्हणून सांगितलं.

नऊवालीचं कार्ड मी यादीतून काढून माझ्या बॅगेत ठेवलं आहे. त्या बाई ठरल्या वेळेला रद्द करणारच, मग त्यांना उगाच कशाला त्रास द्या. मनाला थोडं लागलं, नाही असं नाही. पण दोनशे कार्डांत एक कार्ड म्हणजे काहीच नाही.

२७ एप्रिल

आवाज गेला. सकाळी उठलो तर तोंडातून नुसती हवा. डॉक्टर म्हणाले, दहा दिवस एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. मी लिहून विचारलं, “आणि काम?” ते म्हणाले, “तुमच्याशिवाय काही अडत नसेल हो.” चांगले डॉक्टर आहेत, पण त्यांना आमच्या कामाची कल्पना नाही.

मॅडमनी यादी घरी पाठवली आणि कुणाला तरी बसवा म्हणाल्या. ही म्हणाली, “मी करते फोन. तीस वर्षं लोकांना पुस्तकं परत करायला लावली, ते काय मुक्यानं?”

२९ एप्रिल

हिचं काम झपाट्याचं आहे, पण शिस्त नाही. माझी चार वाक्यं ही वाचतच नाही. एका सभासदाला गुडघ्याबद्दल विचारलं, एकीला बाळाचं नाव विचारलं. मी चिठ्ठी लिहून पुढे सरकवली: “कृपया मूळ मजकूर वाचावा.” हिनं ती उलटी केली आणि मागे भाजीची यादी लिहून मला बाजारात पाठवलं. मुक्या माणसाला भाजी घेताना घासाघीस करता येत नाही, हे आज कळलं.

तरीही नोंद करायला हवी: दोन दिवसांत एकही रद्द नाही. दंतवैद्यसुद्धा जाणार आहेत.

४ मे

आज घात झाला.

दुपारी डॉक्टरांकडून परत आलो तर आतून हसण्याचा आवाज. ही फोनवर होती, पाय वर घेऊन, खुर्चीत रेलून. टेबलावर माझी बॅग उघडी आणि हिच्या हातात नऊवालीचं कार्ड. यादी संपली म्हणून हिनं बॅगेत आणखी कार्डं आहेत का पाहिलं होतं.

मी दोन्ही हात हलवले. हिला वाटलं चहा हवा, म्हणून स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. मग मी चिठ्ठी लिहिली: “यांना नको.” हिनं फोनवर हात ठेवून विचारलं, “का नको? सभासद आहेत की.” आता यावर काय लिहिणार? मी पेन खाली ठेवलं. आयुष्यात इतकं बोलायचं होतं आणि इतकं मुकं बसावं लागलं असं कधी झालं नव्हतं.

फोन चाळीस मिनिटं चालला. नंतर ही म्हणाली, “चांगल्या आहेत हो त्या बाई. यजमान गेल्यापासून एकट्याच असतात. मुलगा आणि सून लांब. दोघांनी यावं, एक आठवडा बरोबर राहावं, म्हणून दर वर्षी दोन खोल्यांचं घर घेतात. मुलाची ड्यूटी दहा दिवस आधी लागते. ती लागली की त्याचा फोन येतो, जमत नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी या रद्द करतात.”

म्हणजे मूळ कारण समन्वयाचा अभाव. फॉर्ममध्ये तसा रकाना करायला हवा.

“मी त्यांना म्हटलं,” ही पुढे म्हणाली, “मुलगा नाही आला तरी तुम्ही जा की.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तोंडात दुसरं काही नव्हतंच.

८ मे

आवाज परत आला. ऑफिसात गेलो. मॅडम म्हणाल्या, आकडे फार छान आहेत, घरून काम मानवतं तुम्हाला.

नऊवालीबद्दल शांत डोक्याने विचार केला. चार वर्षांची सवय एका फोनने सुटत नाही. आणि एकटी बाई दोन खोल्यांत जाऊन करणार काय? जीव भांड्यात पडला.

१५ मे

घरचा फोन दुपारी सारखा गुंतलेला लागतो. विचारलं, तर ही म्हणाली, “मैत्रीण आहे.” ग्रंथालयातली असणार. बरं झालं, हिचा वेळ जातो.

आज हिनं चालायचे नवे बूट आणले. घरभर घालून फिरत होती, सैल करायला. खरं सांगतो, मला भरून आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा हिचा माझ्या शब्दावर विश्वास बसला आहे.

“सुट्टी मिळाली का तुम्हाला?” हिनं विचारलं.

“मिळेल. शेवटच्या आठवड्यात सांगतो मॅडमना. आधी सांगितलं की नाही म्हणायला त्यांना वेळ मिळतो.”

“आणि खोली कुठली?”

“ते गुपित आहे.”

ही बुटाची नाडी सोडत बसली.

१७ मे

लेकीचा फोन. सासरी सगळं ठीक. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, “बाबा, आईला काय हवंय ते विचारलंत का कधी?”

म्हटलं, “विचारायचं काय त्यात? तळं हवंय.”

“अहो, फक्त तळं?”

आता तळ्याबरोबर आणखी काय लागतं? दोन टॉवेल तिथेच मिळतात. लेक हुशार आहे, पण हल्ली कोड्यात बोलते.

२० मे

आज संध्याकाळी ही समोर येऊन बसली. टीव्ही बंद केला. म्हणाली, “मला एकदाच सांगा. आपण जाणार आहोत की नाही? नाही म्हणालात तरी चालेल, पण आज सांगा. मग नको.”

मी म्हटलं, “अठ्ठावीस तारखेला कळेल.”

“अठ्ठावीसलाच का?”

“आमच्याकडे पद्धतच आहे तशी.”

हिनं मनातल्या मनात दिवस मोजले. “म्हणजे नऊ दिवस आधी.”

“बरोबर,” मी म्हटलं. हिचं गणित पहिल्यापासून चांगलं आहे.

मग ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. रागाने नव्हे. वाचून झालेलं पुस्तक परत ठेवण्यापूर्वी लोक त्याच्याकडे बघतात, तसं काहीसं. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, “काही नाही. तुम्ही जेवून घ्या, मला एक फोन करायचाय.”

२८ मे

सकाळी नऊला टेबलावर हजर. बुकिंगवरच्या मुलीला सांगून ठेवलं होतं, की कॉटेज सात पडलं की पहिलं माझ्या नावावर टाक. ती म्हणाली, “सर, अर्ज तयारच आहे.” रजेचा अर्जही खणात लिहून ठेवला होता. नऊवालीचा फोन झाला की लगेच मॅडमकडे जायचं, असं ठरवलं होतं.

दहा, अकरा, बारा. फोन वाजले, पण भलतेच. मी जेवायला उठलो नाही. दोन वाजता मनात आलं, बाई आजारी तर नसतील? तीन वाजता मनात आलं, की त्या आजारी असत्या तर एव्हाना रद्द केलं असतं. हा विचार चांगला नव्हता. पण प्रामाणिकपणे लिहायचं ठरवलं आहे, म्हणून लिहिलं.

पाचला दहा कमी असताना फोन आला. आवाज मी लगेच ओळखला.

“रद्द ना?” मी कार्ड पुढे ओढून म्हटलं.

“नाही हो,” त्या म्हणाल्या. “मुलाचं नाहीच जमत. काल कळवलं त्यानं. पण रद्द नाही करायचं. मी जाणार आहे. दुसऱ्या खोलीत एक नाव घालायचंय. त्यासाठी तुमच्याकडेच फोन करायचा ना?”

नियमाने सोबत्याचं नाव नऊ दिवस आधी नोंदवावं लागतं. मी फॉर्म घेतला. म्हटलं, सांगा.

त्यांनी नाव सांगितलं. मी लिहीत गेलो. पहिलं नाव लिहिलं तेव्हा वाटलं, आमच्या हिचंच नाव, काय योगायोग. मधलं नाव लिहिलं. ते माझं होतं. आडनावापाशी पेन थांबलं.

“लिहिलंत?” त्या म्हणाल्या.

“लिहितोय. वय?”

त्यांनी वय सांगितलं. बरोबर होतं.

“पत्ता?”

त्यांनी माझ्या घराचा पत्ता सांगितला. दाराचा क्रमांकसुद्धा बरोबर.

“सभासदाशी नातं?”

“मैत्रीण लिहा,” त्या म्हणाल्या. “आणि एक सांगू का, तुमच्या कंपनीतून जो फोन आला ना मे महिन्यात, त्याबद्दल तुमचे आभार. नाहीतर मी याही वर्षी घरीच बसले असते.”

मी म्हटलं, “आपली खोली आपली वाट पाहत आहे.”

घरी आलो. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दारात उभा राहिलो.

“आला का त्यांचा फोन?” ही म्हणाली. “मीच म्हटलं त्यांना, ऑफिसात रीतसर करा. तुम्हाला रीतसर आवडतं.”

“मला आधी सांगायचं नाही?”

“मलाच कुठे माहीत होतं? मुलगा आला असता तर मी गेले नसते. तसं ठरलं होतं आमचं. आणि तो यावा असंच मी म्हणत होते. मलाही अठ्ठावीसलाच कळलं.”

“अगं, पण मी तुला तिथेच नेणार होतो. त्याच कॉटेजमध्ये. त्या रद्द करणार, म्हणून तर.”

हिनं हातातली घडी खाली ठेवली. “म्हणजे त्यांचा मुलगा येऊ नये, म्हणून तुम्ही बसला होतात?”

मी तसा बसलो नव्हतो. मी नियमानुसार बसलो होतो. हे मी हिला सांगितलं. सांगताना नीट वाटत होतं, ऐकताना नाही.

“सुट्टी घेतली होतीत?” हिनं विचारलं.

“अर्ज लिहून ठेवलाय.”

“दिलात का?”

“नाही.”

ही परत घड्या घालायला लागली. मीही समोर बसून एक टॉवेल उचलला. हिनं तो माझ्याकडून घेतला, कारण मी चुकीचा घालत होतो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. टॉवेलचं नाही.

२९ मे

हंगामातले महत्त्वाचे दोन महिने संपले. उशिरा रद्द: शून्य. कंपनीच्या इतिहासात असं झालेलं नाही. मॅडमनी सगळ्यांसमोर उभं केलं आणि विचारलं, “हे जमवलंत कसं?”

मी म्हटलं, “घरच्यांची मदत झाली.”

सगळे हसले. पुन्हा टाळ्या पडल्या.

६ जून

हिला सोडायला बसस्थानकावर गेलो. बॅग मी उचलली. नऊवाली आधीच येऊन उभ्या होत्या. चार वर्षं मी त्यांना उंच, तुसड्या चेहऱ्याच्या, टोपी घालणाऱ्या समजत होतो. त्या हिच्या खांद्याएवढ्या आहेत आणि त्यांचा स्वेटर उलटा होता. हिनं तो तिथल्या तिथे सुलटा करून दिला. दोघी ज्या घाईने बोलायला लागल्या, ती पाहून मी बाजूला झालो.

मला वाटलं होतं, निघताना ही काहीतरी बोलेल. ही म्हणाली, “औषध वेळेवर घ्या.” मग बसमध्ये चढली. त्या बाईंना खिडकी दिली आणि स्वतः आत बसली. मला दिसावी म्हणून मी बसच्या दुसऱ्या बाजूला गेलो, तोपर्यंत बस वळली होती.

शनिवार असूनही ऑफिसात गेलो. घरी थांबवेना. खणातला रजेचा जुना अर्ज काढून फाडला आणि नवा लिहिला. पुढच्या वर्षीचा जूनचा पहिला आठवडा. मॅडम आल्या होत्या. त्यांनी वाचून चष्मा काढला.

“एक वर्ष आधी?”

“हो.”

“आणि हंगाम? टेबल कोण सांभाळणार?”

“कुणीतरी सांभाळेल. डॉक्टर म्हणतात, अडत नाही.”

त्यांनी सही केली आणि मग कागद परत माझ्यापुढे सरकवला. “एक रकाना रिकामा राहिलाय. सोबत कोण? पत्नी ना? लिहून टाका.”

मी पेन उघडलं आणि परत बंद केलं. “तो राहू दे मॅडम,” मी म्हटलं. “ती आल्यावर विचारतो.”